फ्रिजमध्ये जागा नव्हती

जेवण ठरलं होतं शुक्रवारी आणि झालं शनिवारी.

यजमान माझा शाळेपासूनचा मित्र. चंद्रपूर-गडचिरोली रस्त्यावरच्या मूल गावी त्याची राइस मिल आहे आणि मिलच्या मागेच घर. होळीनंतर तो भाच्याच्या लग्नासाठी नाशिकला गेला होता. तिथल्या एका द्राक्षमळ्यात पाहुण्यांना वाइन कशी चाखायची ते शिकवतात. ते शिकून, सहा बाटल्या आणि एक रंगीत पुस्तिका घेऊन तो परत आला. चंद्रपूर जिल्ह्यातली दारूबंदी उठून काही वर्षं झाली होती. तरी टेबलावर पांढरी चादर अंथरून, बायकोसमोर, मित्रांना बोलावून चाखायची, असं आमच्यात कोणी केलं नव्हतं. त्याच्या मते ती दारू नव्हतीच. फोनवर त्याने हे मला दोनदा सांगितलं.

बोलावणं तिघांना होतं. मी चंद्रपूरहून, आणि गडचिरोलीहून आमचा तिसरा मित्र व त्याची बायको. हा मित्र तिथे हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. गडचिरोलीत दारूबंदी आजही आहे. तो दारूत बुडाला तो तिथेच. नोकरी जाता जाता राहिली, मग उपचार झाले, आणि सुटली. ती सुटून चार वर्षं होत आली होती. सुटली तेव्हा बायकोने एकच अट घातली होती, आणि ती आम्हा मित्रांसमोर घातली होती. पुन्हा घेतली तर मुलीला घेऊन ती ब्रह्मपुरीला माहेरी जाईल आणि परत येणार नाही. भावाने तिथे माडीवर एक खोली बांधून ठेवली होती. हे सांगताना तिचा आवाज चढत नसे. कोणाला पत्ता समजावून सांगावा तसं ती सांगे.

तिची एक सवय सगळ्यांना माहीत होती. लग्नात, बारशात, कुठेही त्याच्या हाती ग्लास आला की ती तो आधी आपल्याकडे घेई, एक घोट पिई आणि मग त्याला देई. ताक असो, पन्हं असो. लोक हसत, तोही हसे. घरी मात्र ती असं करत नसे. हे त्यानेच मला एकदा सांगितलं होतं, आणि सांगताना त्याला ते मोठं वाटत होतं. म्हणाला, “घरी थे नाई पाहत.”

वाइनच्या जेवणाला ती नको म्हणाली होती. तिला राजी केलं यजमानाच्या बायकोने. तुमच्या साहेबांना प्यायला मी वेगळं काही करते, माझ्या हाताने करते, असं तिने फोनवर सांगितलं. तिचं माहेर पोंभुर्ण्याकडचं. हंगामाची मोहफुलं आईने नुकतीच पाठवली होती. आमच्याकडे मोहफूल म्हणजे नुसती दारू नव्हे. फुलं भाजून खातात, उकडून खातात, भाकरीत घालतात. तिच्या माहेरी त्याचं सरबत होतं. फुलं धुऊन भिजत घालायची, कुस्करून गाळायची, वरून जिरं, काळं मीठ आणि लिंबू.

शुक्रवारी सकाळी तिने फुलं भिजत घातली. त्याच सकाळी गडचिरोलीच्या वाटेवरच्या सावली गावाजवळ, रस्त्यालगतच्या जंगलात मोहफुलं वेचायला गेलेल्या एका बाईला वाघाने मारलं. गावकऱ्यांनी रस्ता अडवला. वनखात्याचा मोठा अधिकारी येईपर्यंत प्रेत उचलू देणार नाही असं त्यांचं म्हणणं होतं. मी पेपरात काम करतो, बातमीसाठी तिथेच होतो. गडचिरोलीहून निघालेले दोघं गाड्यांच्या रांगेत अडकले आणि दिवस मावळताना परत फिरले. यजमानाने आम्हा दोघांना फोन करून जेवण दुसऱ्या दिवसावर ढकललं.

सरबत तोपर्यंत गाळून झालं होतं. त्याच्या बायकोने फ्रिज उघडला. मधल्या दोन्ही फळ्या काढून आत बाटल्या आडव्या ठेवलेल्या होत्या. पांढरी वाइन गार लागते, आणि लाल वाइन एप्रिलमध्ये मूलच्या घरात बाहेर ठेवता येत नाही, असं पुस्तिकेवरून त्याने ठरवलं होतं. सरबत कुठे ठेवू, असं तिने विचारलं. माठात ठेव, माठात गारच राहते, तो म्हणाला. सरबत माठात गेलं आणि शनिवारच्या संध्याकाळपर्यंत तिथेच राहिलं. त्या दिवसांत दुपारी पंख्याखाली बसलं तरी तोंडावर गरम वारा येत होता.

शनिवारी आम्ही उजेड असतानाच बसलो, कारण दोघांना परत गडचिरोलीला जायचं होतं. टेबलावर मिलच्या ऑफिसातली ट्यूबलाइट आणून लावली होती, रंग नीट दिसावा म्हणून. प्रत्येकापुढे लांब दांड्याचा ग्लास आणि मधे थुंकायला स्टीलचं गंज, म्हणजे खोल पातेलं. यजमानाने ग्लास चादरीवर तिरपा धरून रंग दाखवला, गोल फिरवला, नाक आत घातलं.

“तू नाशकाले गेला आन सायब होऊन आला,” मास्तर मित्र म्हणाला.

“सायब नाई, चाखणारा.”

मी प्रत्येक घोट तोंडात फिरवून गंजात थुंकत होतो. जेवल्यावर मला गाडी चालवत चंद्रपूरला जायचं होतं. यजमान थुंकायचं शिकून आला होता, पण थुंकत नव्हता. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “पाहा, पेपरवाला थुंकून राह्यला आन मिलवाला गिळून राह्यला.”

“थुंकाचंच होतं तं येवढ्या दुरून आणलं काऊन?” त्याची बायको आतून म्हणाली.

ती सरबत घेऊन बाहेर आली. मास्तरचा ग्लास वेगळा दिसू नये म्हणून तिने तेही लांब दांड्याच्या ग्लासात ओतलं होतं. त्याच्या बायकोचा हात सवयीने पुढे गेला.

“वैनी, माया हातचं आहे,” यजमानाची बायको म्हणाली.

तिने हात मागे घेतला. ओशाळली, हसली, आणि छान रंग आला म्हणाली. रंग खरोखर छान होता, फिकट मधासारखा. मास्तरने पहिला घोट घेतला, ग्लास खाली ठेवला, क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा उचलला. मी समोर बसलो होतो म्हणून मला हे दिसलं. त्या वेळी त्याचा अर्थ काही लागला नाही.

यजमानाला खरी हौस होती ती मास्तरच्या नाकाची. शाळेत असताना हा मुलगा डोळे बांधून पानाच्या वासावरून झाड सांगत असे. प्यायची नाही, नुसता वास घे आणि सांग, असं यजमानाने त्याला म्हटलं. मास्तरची बायको पाहत होती. त्याने पांढऱ्या वाइनचा ग्लास नाकाजवळ नेला आणि ओल्या तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा वास येतो म्हणाला. भाताच्या मिलच्या मालकाला तणस कळायला वेळ लागला नाही. त्याने पुन्हा हुंगलं आणि मांडीवर थाप मारली. लाल वाइनला मास्तर म्हणाला, तेंदूपानाचं पोतं पावसात भिजून वाळलं की येतो तसा. पुस्तिकेत मसाले, लाकूड, बेरी असं काहीबाही होतं. आम्ही पुस्तिका बाजूला ठेवली. तो दरवेळी ग्लास हुंगून यजमानाकडे सरकवायचा आणि आपलं सरबत प्यायचा. ते संपलं तेव्हा यजमानाच्या बायकोने न विचारता दुसरा ग्लास भरला. आवडलं म्हणून तिला बरं वाटलं होतं.

मग जेवण आलं. लाल वाइनबरोबर सौम्य खावं असं पुस्तिकेत होतं, पण स्वयंपाक पुस्तिका वाचून झाला नव्हता. गावरान कोंबडीचा रस्सा, त्यात भिवापुरी मिरची. मास्तरच्या बायकोला ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. पाण्याचा जग टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होता. हाताजवळ नवऱ्याचा ग्लास होता. तिने तो उचलला आणि मोठा घोट घेतला.

ठसका थांबला. ग्लास तिच्या हातातच राहिला. ती यजमानाच्या बायकोकडे वळली आणि ग्लास पुढे केला.

“ताई, हे चाखून पाहा.”

तिने चाखलं. एकच शब्द बोलली, “आंबलं.” यजमानाने ग्लास घेतला. इतका वेळ तेच करत असल्यामुळे असेल, त्याने तो आधी गोल फिरवला, हुंगला आणि मग प्याला. मग मी चाखून थुंकलं. लिंबाचा आंबटपणा होता, काळ्या मिठाची चव होती, आणि जिभेवर बारीक बुडबुडे टोचत होते. त्यामागे तो वास होता. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत तो वास न ओळखणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. फार चढण्याजोगं ते नव्हतं. पण सरबत राहिलं नव्हतं.

यानंतर सगळे एकदम बोलू लागले. यजमानाची बायको म्हणाली की चूक तिची, कालच सांडून द्यायला हवं होतं. यजमान म्हणाला की चूक त्याची, फ्रिज त्याने अडवला. मी म्हणालो की उन्हाळ्यात असं होतं. मास्तरला कसं समजणार, त्यात लिंबू होतं, मीठ होतं, असंही यजमान म्हणाला. मास्तरला बाहेर पडायला आम्ही तिघं मिळून दार उघडून धरत होतो. त्याने फक्त निघायचं होतं.

त्याच्या बायकोने आमच्यापैकी कोणाकडे पाहिलं नाही.

“तुमाले समजलं होतं?”

टेबलावर तणसाचा आणि तेंदूपानाचा असे दोन्ही ग्लास अजून तसेच होते.

“पयल्या घोटातच,” तो म्हणाला.

“मंग दुसरा ग्लास?”

यजमान मधे पडला. त्याने नको म्हटलं असतं तर माझ्या बायकोला वाईट वाटलं असतं, तिने इतक्या आवडीने केलं होतं, असं तो सांगू लागला. मास्तरने मान हलवली.

“नाई. चांगलं लागलं.”

ती उठली नाही. तिने पानातला भात संपवला, रस्सा संपवला, आणि हात धुवायला मोरीवर गेली. यजमानाची बायको स्वयंपाकघरात माठ पालथा करत होती. पाणी वाहिल्याचा आवाज येत होता. आम्ही तिघं पुरुष बसून राहिलो. यजमान हळू आवाजात म्हणाला, “नाई समजलं म्हणता येत नव्हतं तुले?”

त्यांची गाडी चालवायला घरात मी एकटाच होतो. सगळं थुंकलेला. मी माझी गाडी मिलच्या आवारात ठेवली. मास्तरची बायको पुढे माझ्याशेजारी बसली, तो मागे. आदल्या दिवशी जिथे रस्ता अडला होता तिथे जळालेल्या टायरचा काळा डाग होता. तिथून जाताना तिने विचारलं, “थ्या बाईले नेलं का मंग?” नेलं, मी सांगितलं. लेकरं किती होती, तिने विचारलं. दोन, मी म्हणालो. लहान आहेत का? मोठी आहेत, मी म्हणालो.

वैनगंगेच्या पुलाजवळ पोलिसाने गाडी थांबवली. नेहमीची तपासणी होती. डिकी पाहिली, मग माझ्याकडे वाकून विचारलं, “घेतली का?” नाही, मी म्हणालो. ते खरं होतं. मागच्या माणसाला त्याने काही विचारलं नाही. आम्ही पूल ओलांडून गडचिरोलीत शिरलो.

रात्री मी त्यांच्याकडेच झोपलो. सकाळी मास्तर मला बसस्टँडवर सोडायला आला. बस लागलेली होती, ड्रायव्हर चहा पीत होता. मी काही विचारलं नव्हतं, त्यानेच सुरुवात केली. नाही म्हटलं असतं तर तिने मानलं असतं, तो म्हणाला. तुम्ही सगळे माझ्या बाजूनेच बोलत होता.

“मंग?” मी म्हणालो.

“मंग पुढच्या वेळी बी नाईच म्हटलं असतं.”

वाहकाने घंटी मारली आणि मी चढलो.

पुढचे काही आठवडे यजमान मला फोन करून एकच विचारायचा, ती गेली का. त्यांना थेट फोन करायची त्याला हिंमत होत नव्हती. त्याच्या बायकोने त्यानंतर घरात मोहफूल आणलं नाही. उरलेल्या तीन बाटल्या त्याने मिलमध्ये नेऊन ठेवल्या होत्या.

ती ब्रह्मपुरीला गेली नाही. का गेली नाही, ते मी विचारलेलं नाही, आणि तिने सांगितलेलं नाही. माडीवरची खोली अजून आहे.

पावसाळ्यात, भाताच्या रोवण्याच्या दिवसांत मी कामासाठी गडचिरोलीला गेलो, तेव्हा त्यांच्याकडे डोकावलो. मुलगी खाली बसून गृहपाठ करत होती. मास्तर बरा दिसत होता. शाळेतल्या नव्या प्रयोगशाळेबद्दल बोलत होता. त्याची बायको आतून पाण्याचे दोन ग्लास घेऊन आली, स्टीलचे, घरातलेच. एक तिने माझ्यापुढे ठेवला. दुसऱ्यातला एक घोट तिने उभ्यानेच घेतला, गिळला, आणि मग तो ग्लास त्याच्यापुढे ठेवला. मुलीने मान वर केली नाही. तेवढा वेळ तो बोलायचा थांबला होता आणि त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. ग्लास खाली टेकल्यावर त्याने तो उचलला आणि पाणी प्याला.