तूपवाले मामा आणि अण्णांचं ताट

तूपवाल्या मामांना आयुष्यात कोणी "नको" म्हटलेलं ऐकू आलं नाही. कापडाच्या लूमच्या खडखडाटात त्यांचे कान अर्धे गेले होते हे खरं, पण सुरतेतल्या उधन्याच्या आमच्या गल्लीतलं कुठलंही भांडण त्यांना शब्दन् शब्द ऐकू यायचं. पंगतीत हातात तुपाचा तांब्या आला, की तेवढा एक शब्द त्यांच्या कानात शिरत नसे. भेस्तानपासून लिंबायतपर्यंत आपल्या खानदेशी माणसाच्या घरचं लग्न असो, नवस असो, वरण-बट्टीवर तूप वाढायला मामाच लागायचे. ते सख्खे मामा कोणाचेच नव्हते. त्यामुळे ते सगळ्यांचेच झाले होते.

त्यांची रीत ठरलेली होती. तूप नको असलं की आपण ताटावर दोन्ही हात आडवे धरतो. मामा समोर येऊन उभे राहायचे आणि अगदी आदराने म्हणायचे, "राम राम भो." आता वडीलधाऱ्या माणसाने राम राम घातल्यावर कोण हात ताटावर ठेवील? माणूस हात जोडायचा आणि तेवढ्यात बट्टी तुपात बुडालेली असायची. वर मामा विचारायचे, "कसाले लाजस? इतलंसं तं शे." हे 'इतलंसं' पाहून नव्या सुना घाबरायच्या. माझ्या लग्नात माझ्या माहेरच्या नऊ माणसांना त्यांनी एका पंगतीत असं लोळवलं, की संध्याकाळच्या गाडीला निघणारी मंडळी दुसऱ्या दिवशी दुपारी उठली.

माझे सासरे, म्हणजे अण्णा, आणि मामा एकाच खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, तीस वर्षं शेजारशेजारच्या लूमवर होते. अशा माणसांची मैत्री ओरडून झालेली असते. निवृत्त झाल्यावरही दोघं ओट्यावर बसून एकमेकांना इतक्या मोठ्याने खुशाली विचारायचे, की नव्या भाडेकरूंना वाटायचं, यांची आता मारामारी होणार. त्यात मामा एकटे होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि मुलगा गावी शेती बघत होता. एका खोलीत स्वतःपुरतं शिजवायचे आणि उरलेल्या वेळात दुसऱ्यांना खायला घालायची संधी शोधायचे.

अण्णांच्या छातीत पहिल्यांदा दुखलं तेव्हा डॉक्टरांनी हृदयाची शीर फुग्याने उघडून आत स्प्रिंग बसवली. घरी सोडताना तेल, तूप, मीठ कमी करायला सांगितलं आणि गोळ्यांची पिशवी माझ्या हातात दिली. त्यानंतर तीन महिन्यांनी भेस्तानला एका घरी नवस होता. अण्णांनी ताटावर हात धरले, "मला डॉक्टरने तूप बंद सांगितलंय" असं स्पष्ट म्हटलं. मामा समोर उभे राहिले, राम राम झाला आणि तूप पडलं. मित्राने वाढलेलं टाकायचं कसं म्हणून अण्णांनी ते खाल्लं. नंतर आणखी दोन बट्ट्या कोणी न वाढता घेतल्या, हे माझ्या नवऱ्याने स्वतः पाहिलं. तिसऱ्या दिवशी अण्णा पुन्हा दवाखान्यात होते.

मामा दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिले. चहा दिला तर घेईनात. डॉक्टर म्हणाले, एका जेवणाने असं होत नाही, गोळ्या नियमित चालू होत्या ना? अण्णा खाटेवरून म्हणाले, "हो, रोज." मी हे जिन्यात जाऊन मामांना सांगितलं, पण डॉक्टरांचं पहिलं वाक्य त्यांनी ऐकलंच नाही. घरी येऊन त्यांनी तुपाचा तांब्या शेजारच्यांच्या स्वाधीन केला आणि मला म्हणाले, "सूनबाई, उद्यापासून ह्याच्या ताटाशी मी बसेन. मी बिघडवलंय, मीच दुरुस्त करीन." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला फार वाईट वाटलं.

वाईट वाटणं आठवडाभर टिकलं. नंतर मी अण्णांच्या खात्यातल्या जुन्या खाकी पँटी धुवायला काढल्या, तर खिशातून गोळ्यांची न उघडलेली पाकिटं निघाली. नवसाच्या आधीचे पंधरा दिवस त्यांनी एकही गोळी घेतली नव्हती. विचारलं तर म्हणाले, "बरं वाटायला लागलं होतं, मग गोळ्या कशाला?" मी त्यांना जे बोलले ते कुठल्या सुनेने सासऱ्यांना बोलू नये. शेवटी अण्णा माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "मामाले सांगू नको, बेटा. त्याले कळनं तं तो येवानं बंद व्हई जाई."

लूमवर आयुष्य गेलेल्या माणसाची कुजबुज गल्लीच्या टोकापर्यंत जाते. मामा तेव्हा उंबऱ्याबाहेर चपला काढत होते. ते आत आले, जेवण झालं, आणि निघताना मला ओट्यावर बोलावून तितक्याच मोठ्या आवाजात कुजबुजले, "माले समदं ऐकू उनं. त्याले सांगू नको. मी सोताले पापी समजस असं वाटू दे त्याले. लाजेखातर तरी खाईल." सुदैवाने अण्णा मोरीत हात धूत होते आणि नळ चालू होता.

अशी मी दोन म्हाताऱ्यांच्या मधे सापडले. एकाला वाटे, दुसऱ्याला माहीत नाही. दुसऱ्याला ठाऊक होतं आणि तो सांगत नव्हता. दोघांनी मला शपथा घातल्या होत्या. माझी महापालिकेच्या मराठी शाळेत सकाळपाळी, त्यामुळे साडेबाराला मी घरी आणि पाठोपाठ मामा दारात. सात वर्षांत ते किती वेळा चुकले हे एका हाताच्या बोटांवर सांगता येईल.

पहिली लढाई ज्वारीची झाली. अण्णा भाकरी पाहून म्हणाले, "ज्वारी सोडायला तर मी सुरतेला आलो." त्यांच्या लहानपणी गहू सणाला दिसायचा; पगार सुरू झाल्यावर त्यांनी चपाती धरली आणि भाकरीला गरिबीची खूण मानून घराबाहेर काढलं. मामा शांतपणे म्हणाले, "ज्वारी सोडलीस आणि छातीत स्प्रिंग घातलीस. आता पुन्हा धर." मग ते आग्रहाला बसले. एक घास नातवाच्या नावाचा, एक गावच्या देवीचा, एक लूमवरच्या त्या जुन्या जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या नावाचा, ज्याने दोघांचा पगार कापला होता. तो घास अण्णांनी रागाने कराकरा चावून खाल्ला. मामांचा आग्रह तोच होता, फक्त तुपाच्या जागी दुधी, तांदुळजा आणि मोड आलेले मूग आले होते.

माझा नवरा एकदा कोणाचं तरी ऐकून परदेशी ओट्सचा डबा आणि ऑलिव्ह तेलाची बाटली घेऊन आला. मामांनी ओट्सचा एक घास खाऊन पाहिला आणि उरलेला डबा भिंतीला पोपडे आलेत तिथे लावायला ठेव म्हणाले. तेलाचे चार थेंब त्यांनी आमच्या कुरकुरणाऱ्या दाराच्या बिजागरीत सोडले. "चांगलं तेल शे," म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते जवस घेऊन आले. माझ्याकडून ते भाजून, लसूण आणि लाल मिरची घालून, मीठ नावापुरतं टाकून चटणी कुटून घेतली. ती अण्णांना आवडली. आवडली असं ते म्हणाले नाहीत, पण माझ्या मुलांच्या डब्यातून ती कमी व्हायला लागली. खायचं ते आपल्या बाजारातलं आणि आपल्या दातांना ओळखीचं असावं, असं मामा म्हणत. अनोळखी अन्न माणूस चार दिवस पाहुण्यासारखं वागवतो आणि पाचव्या दिवशी हाकलतो, हेही त्यांचंच.

अण्णा सरळ नव्हते. शुक्रवारी बँकेत जातो सांगून ते नाक्यावरच्या गाडीवर लोचो, म्हणजे चणाडाळीचा वाफवलेला मऊ गोळा, खायला जायचे, वर तेल आणि मूठभर शेव घालून. एकदा मामा तिथे पोहोचले. ओरडले नाहीत. अण्णांच्या शेजारी बाकड्यावर बसले, डबा उघडला, उकडलेल्या मुगांवर लिंबू पिळलं आणि चमच्याने अण्णांना भरवायला लागले. गाडीवर आमच्या गल्लीतली निम्मी पोरं उभी होती. एका गुजराती काकांनी, थोरला भाऊ आहे का म्हणून, कौतुकाने विचारलं, "मोटाभाई छे?" मामा म्हणाले, "हा, नानपणथी आवो ज छे," म्हणजे लहानपणापासून हा असाच. त्यानंतर अण्णा बँकेत गेले नाहीत.

हिवाळ्यात पोंक यायचा, तेव्हा मात्र तह व्हायचा. ज्वारीचे कोवळे, हिरवे, भाजलेले दाणे. सुरतेत ते शेवेबरोबर खातात. मामा शेव काढून ठेवत, पोंकावर कोथिंबीर, कांदा, लिंबू घालत आणि दोघं ओट्यावर उन्हाला बसून मुठी मुठी खात. शेवेची पुडी मामा स्वतःही उघडत नसत. अण्णा मुद्दाम विचारायचे, "तुझ्या छातीत तर काही नाही ना? तू खा." मामा मान खाली घालून म्हणायचे, "माझ्या हातून जे झालं, त्यानंतर मला शेव गोड लागत नाही." अण्णा एवढंसं तोंड करून आणखी एक मूठ पोंक खायचे. मी आत पदर तोंडात कोंबून हसायची. तपासणीत अण्णांचे आकडे सुधारत गेले, आणि गोळ्या ते आता माझ्यासमोर घेत.

सात वर्षांनी मामांचे गुडघे गेले. मुलगा न्यायला आला. दुपारच्या गाडीला आम्ही उधना स्टेशनवर पोहोचवायला गेलो. मामा खिडकीत बसले, अण्णा खाली उभे. गाडी सुटायला पाच मिनिटं होती तेव्हा अण्णा खिडकीच्या गजाशी तोंड नेऊन कुजबुजले आणि अख्ख्या डब्याने ऐकलं, "मी गोळ्या सोडी देयेल व्हत्यात. तुना तूपमुळे काहीच नही व्हयनं."

मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचा चेहरा असा पडला, की मलाच क्षणभर वाटलं, यांना खरंच माहीत नव्हतं. मग म्हणाले, "सात वरीस तू माले पापी करी ठेवं?" अण्णा रडायला लागले. मामांनी गजातून हात बाहेर काढून त्यांचं मनगट धरलं. "मग याची भरपाई कर. मी असो नसो, सूनबाई वाढेल ते खाशील. गोळी चुकवणार नाहीस. शब्द दे." अण्णांनी शब्द दिला. मामांच्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा आग्रह होता, आणि तोही त्यांनी खोटं बोलून साधला.

परतताना रिक्षात अण्णांनी मला विचारलं, "त्याला खरंच माहीत नव्हतं गं?"

"नाही, अण्णा," मी म्हटलं. "कसं असणार?"

मामा गावी दीड वर्ष होते. गेल्या थंडीत ते गेल्याचा फोन आला. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. माझ्या ओठांवर आलं होतं, की सांगून टाकावं, मामांनी तुम्हाला कधीच माफ केलं होतं, त्यांना पहिल्या आठवड्यापासून सगळं ठाऊक होतं. अण्णांचं ओझं उतरलं असतं. मामांना दिलेला शब्दही सुटला असता. मी गप्प बसले, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला मी शाळेतून आले, तर अण्णा पाट मांडून बसलेले. दुधीची भाजी होती. मी म्हटलं, आज नको असेल तर राहू दे, वरण-भात लावते.

"वाढ," अण्णा म्हणाले. "तो आता माझा शब्द मला परत द्यायलाही येणार नाही."