कुंदा सिस्टर आणि एक आडवी रेघ

ऑपरेशन झालेल्या माणसाला कुंदा निमजे सिस्टरांनी सुरुवातीलाच "दुखतं का हो?" असं विचारल्याचं मला आठवत नाही. त्या पलंगाशी जात, हातातला कागद पाठीमागे धरत आणि म्हणत, "खोकून दाखवा." माणूस कसनुसं खोकायचा. तेव्हा त्या त्याच्या तोंडाकडे बघत नसत, हातांकडे बघत. हात टाक्यांवर गेला, की चादर मुठीत आवळली गेली, हे पाहून झाल्यावरच विचारत, "आता सांगा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे जीव जाऊन राहिला. किती?"

मी त्या वॉर्डात रुजू झालो त्याच दिवशी त्यांनी मोठ्या सरांना बाहेर काढलं होतं. सर म्हणजे आमचे मुख्य सर्जन; त्यांच्यासमोर आम्ही शिंकसुद्धा दाबून धरत असू. राउंड चालू होता, पेशंट हात जोडून "एकदम ओके आहे साहेब" म्हणत होता. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "सर, तुम्ही जरा वऱ्हांड्यात थांबता का? तुमच्यासमोर हा शून्यच सांगते." मला वाटलं, गेली बाईची नोकरी. सर मुकाट्याने बाहेर गेले. पेशंटने दाराकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "सात हाये, बाई."

आमचं काम असं होतं. हर्नियाच्या ऑपरेशननंतर सूज आणि दुखणं कमी करणारं एक औषध किती उपयोगी पडतं, हे आम्ही तपासत होतो. नेहमीची वेदनाशामकं सगळ्यांनाच मिळत. त्यावर निम्म्यांना हे औषध, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी रिकामी गोळी. कोणाला काय मिळतंय हे पेशंटला ठाऊक नसे, आम्हालाही नसे. ते बंद पाकिटात असे. मी या अभ्यासाचा समन्वयक डॉक्टर. वय एकोणतीस, तोंड फटकळ, आणि डोक्यात एकच भुंगा: पेशंट पूर्ण भरले पाहिजेत. सिस्टर गेल्या दिवाळीच्या आधी वारल्या. मला त्यांची आठवण येते म्हणणं कमी पडेल. मला त्यांचा रागच येतो, इतक्या लवकर गेल्या म्हणून.

त्या उमरेडच्या विणकर घरातल्या. लग्नानंतर सक्करदऱ्याला राहत. वॉर्डात सगळ्यांशी नागपुरीतच बोलत, मुंबईहून आमचा अभ्यास तपासायला आलेल्या बाईंशीसुद्धा. त्या बाईंनी एकदा विचारलं, "तुम्ही पेशंटला आकडा सुचवत तर नाही ना?" सिस्टर म्हणाल्या, "दुखणं त्याचं, आकडा त्याचा. मी फक्त लिवतो. आपल्या बापाचं काय जाते?" नातेवाईक भोवती असले की त्या आकडा घेतच नसत. म्हणत, "दुखणं लाजते, डॉक्टर. चारचौघात बाहेर येत नाही." मला हे सगळं वेळखाऊ वाटे. मी तसं बोलूनही दाखवत असे. त्या म्हणत, "तुम्ही लई घाई करता. एक दिवस हे घाईच तुमचा घात करीन."

मे महिन्यात श्रावणजी पराते आले. साठीला टेकलेले, हुडकेश्वरला घर. आयुष्यभर हातमागावर बसले होते. माग बंद झाल्यावर सदर भागातल्या एका दुकानावर सिक्युरिटी गार्ड म्हणून उभे राहत. ते आमचे शेवटचे पेशंट होते. त्यांच्यानंतर यादी पूर्ण. प्रश्नावली मी स्वतः भरली. "कुठलं औषध चालू आहे का?" "नाही जी." "बीपी, शुगर?" "नाही जी." मी टिक केलं, सही घेतली. पाच मिनिटांत काम फत्ते. सिस्टर त्या दिवशी रजेवर होत्या आणि मला त्याचं बरंच वाटलं होतं.

मंगळवारी ऑपरेशन झालं. गुरुवारी सकाळी सिस्टर माझ्या टेबलापाशी आल्या आणि कागद समोर ठेवला. श्रावणजींचा खोकल्यावरचा आकडा: शून्य.

"वा! औषध लागू पडलेलं दिसतं," मी म्हणालो.

"डॉक्टर, हे खोटं हाये."

"अहो, आकडा त्याचा ना? तुम्हीच म्हणता."

"आकडा खराच सांगून राहिला थो. खोकला तं हातबी हालला नाही त्याचा. पण दुसऱ्या दिवशी असं होत नसते. म्या इतक्या वर्षांत पाह्यलं नाही. आन् दुसरं सांगू? कालपासून लघवी नावालाच झाली."

मी म्हणालो, कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली होती, अडली असेल. ते होतंही. आम्ही नळी घातली. अडलेली असती तर पिशवी भरली असती. पिशवीत आली ती तळाला दोन बोटं, चहासारखी काळपट. म्हणजे अडलेली नव्हती. तयारच होत नव्हती. रक्त तपासणीला पाठवलं आणि कूलरसमोर उभा राहून मी घाम पुसत राहिलो. आमच्या औषधाने किडनीला इजा होऊ शकते, हे संमतीपत्राच्या तिसऱ्या पानावर छापलेलं होतं. ते मीच वाचून दाखवलं होतं, पोपटासारखं.

सिस्टर मात्र पेशंटकडे गेल्याच नाहीत. वऱ्हांड्यात सतरंजीवर श्रावणजींच्या बायको शेवंताबाई बसल्या होत्या, त्यांच्याशेजारी जाऊन खाली मांडी घालून बसल्या. मी तरातरा मागे गेलो. सिस्टर विचारत होत्या ते असं: "काय वं बाई, माग किती वर्स होता तुमच्याकडे?"

"चाळीस वर्स तरी."

"माहा बाबाबी बसे ना मागावर. सकाळी चहासंगं गोळी घेतल्याशिवाय त्याची कंबर सरळ होत नसे. तुमच्याकडे कसं?"

शेवंताबाईंचा चेहरा उजळला. माहेरचं माणूस भेटल्यासारखा. "आमच्याकडेबी तसंच ना! सकाळी एक, संध्याकाळी एक. मेडिकलवाला सुटी देते. इथंबी मी आणली, चहासंगं देऊन राहिली. कालपासून दुपारचीबी देतो, ऑपरेशन झालं म्हणून."

त्यांनी शेजारच्या थैलीतून चुन्याची डबी काढली. आत चुना नव्हता, गोळ्या होत्या. आमच्या औषधाच्याच जातकुळीतल्या, दुकानात मागितल्या की मिळणाऱ्या. वर्षानुवर्षं दिवसाला दोन, आता तीन. त्यात मे महिन्याचं ऊन, ऑपरेशनआधी पाण्यावाचून काढलेली अर्धी रात्र, आणि वर कदाचित आमची गोळी.

"तुम्ही सांगितलं का नाही?" मी ओरडलोच. "मी विचारलं होतं, औषध चालू आहे का म्हणून!"

शेवंताबाई घाबरून सिस्टरांकडे बघायला लागल्या. "हे कुठं औषध हाये जी? हे तं कंबरेसाठी हाये."

सिस्टर उठल्या, माझ्या दंडाला धरून मला बाजूला घेतलं. "बाईवर काहून ओरडून राहिले? तिच्या घरी चहा, साखर, गोळी, असं सामान येते. तुम्ही साखर खाता का म्हणून कोणी इचारलं तं तुम्ही औषधात सांगसान का?"

सगळ्या गोळ्या बंद केल्या, सलाइन जोरात चालू केलं. दुपारी रिपोर्ट आला: किडनीचा आकडा ऑपरेशनआधीच्या दुपटीहून वर. किडनीचे डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, "तुमचं औषध याला मिळालंय का? नक्की सांगा. डायलिसिस लागेल का, ते मला ठरवायचंय." मी सरांना फोन केला. सर म्हणाले, "उघड पाकीट." मी पाकीट वेडंवाकडं फाडायला लागलो, तेव्हा सिस्टरांनी ते हातातून घेतलं आणि केसातल्या पिनेने सरळ कापलं.

रिकामी गोळी. श्रावणजींना आमचं औषध मिळालंच नव्हतं.

काय सांगू, मी हसलो. लाज वाटते, पण हसलो. "सुटलो, सिस्टर! आपलं काही नाही यात." ताबडतोब बसून मी घटनेचा अहवाल लिहायला घेतला. चोवीस तासांच्या आत तो पाठवायचा असतो. कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'चालू औषधांची माहिती पेशंटने लपवली.' कागद सिस्टरांकडे सरकवला. खाली त्यांचीही सही लागत होती.

त्यांनी वाचला. पेन उचललं नाही.

"लपवली?" त्या म्हणाल्या. "चुन्याच्या डबीत उघडी ठेवली होती. इचारल्याबरोबर दाखवली. म्या दोन गोष्टी बोलली आन् दाखवली. लपवली कुठं? तुम्ही इचारलं नाही, डॉक्टर."

"मी विचारलं! फॉर्मवर टिक आहे."

"फॉर्मले इचारलं. माणसाले नाही इचारलं."

मी भडकलो. म्हणालो, माझं करिअर आहे, पाच मिनिटांची चूक आहे, आणि गोळ्या शेवटी त्यानेच खाल्ल्या. त्या ऐकत राहिल्या. मग आवाज न चढवता म्हणाल्या, "त्याची किडनी राहिली तं ठीक. गेली तं हा कागद त्याच्या पोरांसमोर जाईन. बाप लबाड होता म्हणून गेला, असं वाचतीन थे. मी नाही सही करत."

आमच्या कामात लिहिलेलं खाडाखोड करून पुसता येत नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, शेजारी सही नि तारीख. मी 'पेशंटने लपवली' या शब्दांवर रेघ मारली. वर लिहिलं: 'समन्वयक डॉक्टरांनी नीट विचारली नाही.' माझं अक्षर एवढं वाईट कधीच आलं नव्हतं. सिस्टरांनी सही केली आणि म्हणाल्या, "चला. आता त्या बाईले सांगा."

"उद्याचा रिपोर्ट येऊ द्या. आकडा खाली आला की सांगतो."

"चांगलं झाल्यावर सांगणं म्हणजे कबूल करणं नोहे. थे तं नुसती गोष्ट सांगणं झालं."

श्रावणजींची लघवी त्यानंतर तिसऱ्या दिवशी सुटली, डायलिसिस लागलं नाही, हे आज मी जाणतो. त्या दुपारी जाणत नव्हतो. वऱ्हांड्यात मी शेवंताबाईंसमोर उभा राहिलो तेव्हा पिशवीत तीच दोन बोटं होती. मी सांगितलं. त्या कंबरेच्या गोळ्यांनीच किडनी दुखावली आहे. पुढे काय होईल सांगता येत नाही. त्या गोळ्यांबद्दल ऑपरेशनआधी विचारायचं काम माझं होतं, मी घाईत केलं. चूक माझी आहे, तुमची नाही, त्यांची नाही.

शिव्या येतील म्हणून मी मान खाली घालून थांबलो. शेवंताबाईंनी कमरेचा बटवा सोडला आणि आतून अर्धी रिकामी झालेली तशाच गोळ्यांची पट्टी काढून माझ्यासमोर धरली.

"मंग माहं कसं जी?" त्या म्हणाल्या. "मागाच्या कांड्यांवर सूत भरू भरू माहेबी हात गेले. त्यायच्यापेक्षा मीच जास्त घेतो. मले तं कोणी इचारलंच नाही आजपर्यंत."

मी सिस्टरांकडे पाहिलं. त्या सतरंजीवर थोड्या सरकल्या आणि शेजारी हाताने जागा झाडली. आयुष्यात पहिल्यांदा मी पेशंटच्या नातेवाइकापाशी खाली मांडी घालून बसलो. खिशातलं पेन काढलं आणि परत ठेवून दिलं.

"सांगा बाई," मी म्हणालो. "पहिली गोळी कधी घेतली, तिथून सांगा. मला घाई नाही."