गोजाबाईच्या वाडीचा हिरवा चुडा

आमचं घर सोलापुरात शुक्रवार पेठेत, धंदा कासाराचा. लग्नसराईत मात्र आम्ही नवरा-बायको तट्टावर बांगड्या लादून बार्शीच्या पलीकडे बालाघाटाच्या डोंगरात फिरायचो. एकोणीसशे तीस-एकतीसचा सुमार असेल. एका वाडीतून दुसरीत जायचं म्हणजे एक डोंगर उतरायचा न् दुसरा चढायचा. पण दारात तट्टू थांबलं की आधी ताकाचा तांब्या यायचा, बांगड्यांचा भाव मागाहून. बांगड्या भरताना बाया आमच्या मालकांच्या हातात हात देत, म्हणून त्यांना भाऊ मानत. त्या नात्यानं मी साऱ्या डोंगराची वहिनी. थट्टेला हक्काचं माणूस!

थट्टेत सगळ्यांच्या पुढं गोजाबाई. धनगराची बाई, मेंढरांमागं फिरून काटक झालेली. आवाज असा की पलीकडच्या टेकडीवरून नवरा ओ देई. तिची पुतणी फुला आईविना पोर, हिनंच वाढवलेली. फुलाचं लग्न ठरलं तेव्हा गोजाबाईनं आम्हाला बजावलं होतं, चुडा तुम्हीच भरायचा.

लग्नाच्या सकाळीच खिंडीतल्या मुरमावर तट्टाचा पाय घसरला. तट्टू उठलं, पण बांगड्या... आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. त्या दिवशी अख्खं दुकानच वाढवलं म्हणायचं. बार्शीहून दुसरा माल आणायला दुसरा दिवस उजाडला असता, न् वऱ्हाड तर दुपारी येणार. हिरव्या चुड्यावाचून नवरी बोहल्यावर कशी उभी राहील?

आम्ही मान खाली घालून वाडीत गेलो. फुला हळदीच्या अंगानं, रिकामे हात मांडीवर ठेवून बसली होती. मालकांनी घडलं ते सांगितलं. गोजाबाईनं विचारलं, "तट्टाला लागलं न्हाय न्हवं?"

"आमाला न्हाय इचारलंस ते?" मालक कसंनुसं हसत म्हणाले.

"तट्टाला बोलता येत न्हाय, दादा. तुमी बोलताय की."

मग तिनं तेलाची वाटी मागवली आणि मालकांपुढं हात धरला. "ह्यातली एक उतरवा, न् फुलाच्या हातात घाला."

बाया दचकल्या. एकजण म्हणाली, "अगं, अंगावरचं सौभाग्य काढून द्यायचं?"

"समदं कुटं मागतीया? एक. बाकीच्यांत नवरा राखता येईना व्हय तुला?"

हशा पिकला, न् बाया सरकत पुढं आल्या. भरलेली बांगडी शाबूत उतरवणं सोपं नसतं. गोजाबाईच्या अंगठ्याची हाडं रुंद, कातडं सोललं. मालक थांबले तर तीच ओरडली, "वडा की! ह्या हातानं अडलेलं कोकरू वडून काढलंय, बांगडीचं काय घेऊन बसलाय!" मग एकेकीनं तेल चोळून घेतलं, मीसुद्धा. कुणाची बांगडी गडद, कुणाची फिकी, कुणाची झिजून पोपटी झालेली. तरी वाडीतल्या सवाष्णी संपल्या, न् फुलाचा डावा हात उजव्यापेक्षा एका बांगडीनं उणाच राहिला.

वऱ्हाड आलं. नवऱ्याच्या आईनं येताच नवरीचा हात उचलला. "हे काय, वानवानाचा चुडा? आन् ह्या हातात तर कमीच हायत!"

डफ वाजवणारासुद्धा थांबला. विहीण रुसली तर वऱ्हाड माघारी फिरणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. घोटाळा आमच्या तट्टाचा न् भोगणार ती पोर.

गोजाबाई हसून पुढं झाली. "कमी न्हायत, विहीणबाई. आमच्या वाडीनं आपापली एकेक घातलीया. पोर आता तुमची व्हनार. तुमची पडल्याबिगर चुडा पुरा कसा व्हयील?"

विहीण पदर सावरून मालकांपुढं बसली. "लई वस्ताद हाय की गं तू! कासारदादा, हळू वडा, माझा हात काय कोकरू न्हाय." कोकराची गोष्ट तिला कुणी कधी सांगितली, देव जाणे.

अक्षता पडल्यावर मी गोजाबाईला बाजूला घेतलं. "विहिणीसाठी जागा मुद्दाम राखली होती व्हय?"

ती सोललेल्या अंगठ्यावर फुंकर घालत म्हणाली, "कशाची जागा, वयनी! बाया संपल्या की."