एरंडेलाचा डाग

काल भूगावच्या फ्लॅटवर मुलीच्या केसांसाठी एरंडेलाची बाटली उघडली आणि त्या जड वासानं मला थेट घोटावड्याच्या भाड्याच्या खोलीत नेऊन बसवलं.

तेव्हा मी पहिल्या महायुद्धातल्या एका विमानाचं मॉडेल रंगवत होतो. त्याच्या कापडी पंखांचा नेमका रंग ठरत नव्हता. तीन पुस्तकांत तीन छटा होत्या आणि चूक मला खपत नसे. शेवटी हस्तिदंती रंग दिला. तेवढ्यात बैलगाडीच्या आखाला एरंडेलाचं वंगण लावून घरमालकीण पारूकाकू दारात आल्या.

"ह्ये कशावर चालायचं रं?"

"पेट्रोलवर. पण इंजिनाला वंगण एरंडेलाचंच."

"व्हय? मग येवढं गोरंपान कसं? आमच्या गाडीचा आख बघ. एरंडेल एका जागी ऱ्हातंय व्हय?" म्हणत त्यांनी इंजिनामागं पंखावर तेलकट बोट टेकवलं. रंग ओलाच होता. तपकिरी डाग उमटला.

"काकू, काय केलंत हे!" मी ओरडलो. त्या बोट पदराला पुसत गेल्या. संध्याकाळी मात्र दाराशी झाकलेली पिठलं-भाकरी होती.

खूप वर्षांनी एका वैमानिकाच्या आठवणींत वाचलं, की ती इंजिनं तेल उडवायची आणि मागचं कापड तपकिरी व्हायचं. हे ऐकायला काकू उरल्या नव्हत्या.

कपाटात आता वीस विमानं आहेत, सगळी पुस्तकात बघून रंगवलेली. खात्रीनं बरोबर असा रंग एकाच पंखावर आहे, आणि त्यात काकूंच्या बोटाच्या रेघा अजून दिसतात.