भावी सभापतींची बाकी

शेवगावात माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. त्यामुळे तालुक्यातल्या पुढाऱ्यांचे चेहरे मी जितक्या जवळून पाहिलेत, तितके त्यांच्या बायकांनीही पाहिले नसतील. कोणाच्या गालावरचे खड्डे बुजवायचे, कोणाची दुसरी हनुवटी उडवायची, कोणाला गोरं करताना कुठे थांबायचं, हे मला पाठ आहे. या चेहऱ्यांचा मला मनापासून वीट आलाय. पोट त्यांच्यावरच चालतं, म्हणून तो वीट जास्तच आहे.

त्यातल्या एका चेह‍ऱ्याकडे माझी साठ हजारांच्या वर बाकी होती. त्याला सगळे ‘भाऊ’ म्हणत. भाऊ काय करतात, हे कोणालाच सांगता आलं नसतं. पांढरे कपडे घालतात, काळ्या काचांच्या गाडीतून फिरतात आणि लोकांच्या लग्नात पहिल्या पंगतीला जेवतात. पहिला फ्लेक्स मी छापला तेव्हा ते ‘भावी सरपंच’ होते. त्या निवडणुकीत पडल्यावर ‘भावी पंचायत समिती सदस्य’ झाले. पुढे तर निवडणूकच लागली नाही, तेव्हा थेट ‘भावी सभापती’. माणूस पडेल तसा वर चढत जातो, हे मी फक्त याच धंद्यात पाहिलं.

भाऊंना फ्लेक्ससाठी वाढदिवसच लागतो असं नव्हतं. गावातल्या कोणाची पोरगी दहावी पास झाली, कोणी ट्रॅक्टर घेतला, कोणाचा मेहुणा पोलिसात लागला, की भाऊंचं अभिनंदन चौकात लागायचं. त्यात पोरीचा फोटो तिकिटाएवढा आणि भाऊंचा कमरेपर्यंत. पैशाचं विचारलं की एकच उत्तर.

“ताई, ठेवा की लिहून. आपन काय पळून चाललो व्हय?”

पळून गेले असते तर परवडलं असतं. निदान नवे फ्लेक्स तरी थांबले असते.

छपाईचं मशीन मी कर्जावर घेतलेलं. भाऊंसारख्यांच्या बाक्या वाढल्या तसे माझे हप्ते थकले, आणि फायनान्सवाल्यांची पोरं मागे लागली. ती पोरं म्हणजे एक वेगळीच जात. मला फोन करायची ते ठीक, पण त्यांनी कोल्हारला माझ्या आईला फोन केला. दिराला केला. दुकानात गिऱ्हाईक असताना एकजण काउंटरवर टेकून, दात कोरत, “मशीन उचलायला टेम्पो कधी पाठवू?” म्हणाला. आईने त्या फोननंतर दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मशीन गेलं असतं तर दुकान गेलं असतं. मग मी आणि नवरा दोघं काय करणार होतो, देव जाणे.

नवरा फ्लेक्स बांधायचं काम करतो. त्याचा उपाय तयार होता. भाऊंचा फोटो घ्यायचा, खाली बाकीचा आकडा टाकायचा आणि वीस फुटी फ्लेक्स बसस्टँडसमोर बांधायचा. मला ती कल्पना इतकी आवडली की मी डिझाइन करायलाही बसले होते. भाऊंचा तो चेहरा मी पहिल्यांदाच आनंदाने उघडला असेन.

माझी शाळेतली मैत्रीण इथेच वकिली करते. तिने डिझाइन पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

“अगं, हे लावलंस तर तोच तुझ्यावर बदनामीची केस करेल, आणि तू त्याला पैसे देत बसशील.”

“मग त्याचे आधीचे फ्लेक्स उतरवून आणते.”

“ते त्याला दिलेस ना? मग ते त्याचे झाले. उतरवलेस तर चोरी होईल.”

मी चिडून विचारलं, की कायदा मला काही करू देतो की नाही. ती म्हणाली, खूप करू देतो. सगळी बिलं काढून बाकी लेखी कळव. रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवू. तीन वर्षं उलटायच्या आत दावा लावू. धमकी द्यायची नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, त्याच्या घरच्यांना मध्ये ओढायचं नाही. नवं काम घ्यायचं की नाही, ते मात्र सर्वस्वी तुझ्या मर्जीवर. तिथे कोणी तुला जबरदस्ती करू शकत नाही.

घरच्यांना न ओढण्याचं मला तिने सांगायची गरज नव्हती. आईचा तो अबोला अजून मनात होता. त्या दात कोरणाऱ्या पोराच्या पंगतीत मला बसायचं नव्हतं.

बाकी भरेपर्यंत नवं काम घेणार नाही, असंही लिहून नोटीस गेली. भाऊंनी ती सही करून घेतली आणि चौकात सांगितलं, की हे विरोधकांचं कारस्थान आहे. भाऊंना विरोधक असावेत एवढं त्यांचं कर्तृत्वच नव्हतं. पण त्यांनी पलीकडच्या दुकानातून एक फ्लेक्स छापून आणला, ‘असल्या नोटिसांना भीक घालत नाही’, आणि तो माझ्या दुकानासमोरच्या खांबाला बांधला. तोही उधारीवर. त्या दुकानदाराची मला दया आली नाही, उलट बरं वाटलं.

नोटिशीची बातमी भाऊंच्या वडिलांपर्यंत गेली. एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली. ते एका बाजारच्या दिवशी एकटेच दुकानात आले, टोपी काढून काउंटरवर ठेवली आणि खिशातून रुमालात बांधलेल्या नोटा काढल्या.

“पोरी, त्याचं किती ऱ्हायलंय ते मला ठावं न्हाई. हे धर. बाकीचं पुढल्या महिन्यात आनतो.”

मी नोटा परत त्यांच्या हातात ठेवल्या. मी म्हणाले, तुमच्याकडून घेणार नाही, बाकी भाऊंची आहे. त्यांनी नोटा पुन्हा रुमालात बांधल्या. मग म्हणाले, “जलमभर गाडी हाकली, पन कुनाचा पैका बुडवला न्हाई.” चहा सांगितला तर नको म्हणाले. त्या माणसाबद्दल मला फार वाईट वाटलं, आणि त्याच्या पोराबद्दलचा राग दुप्पट झाला.

दावा लावायची तयारी चालली होती. वकील मैत्रीण म्हणाली, निकालाला वेळ लागेल. फायनान्सवाले म्हणाले, आम्हाला वेळ नाही. महिनाअखेर ही शेवटची मुदत. आणि त्या महिन्यात भाऊंचे वडील झोपेतच गेले.

सावडण्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ दुकानात हजर. सोबत दोन कार्यकर्ते, चेहऱ्यावर मोजून आणलेलं दुःख. पलीकडच्या दुकानदाराने त्यांना एव्हाना ओळखलं होतं आणि दार बंद केलं होतं. माझ्याकडे ते एका भरवशावर आले होते. आमच्याकडे श्रद्धांजलीच्या फ्लेक्सला कोणी आधी पैसे मागत नाही. मयताच्या घरी पैशाचं बोलणं निघत नाही. हे भाऊंना चांगलं माहीत होतं.

“ताई, दहाव्याला लावायचाय. सोळा बाय दहा करा. वर पक्षातल्या साहेब लोकांची लाइन घ्या, खाली मी हात जोडून, आन बाजूला समस्त मित्रमंडळ.”

“आणि वडील?”

“ते मध्ये घ्या की कुठंतरी.”

वडिलांचा एकट्याचा फोटो त्यांच्याकडे नव्हता. भाऊंचे स्वतःचे शेकडो फोटो माझ्या कॉम्प्युटरमध्ये पडलेत. शेवटी भाऊंच्याच वाढदिवसाच्या एका फोटोत, केकच्या मागे, कडेला वडील सापडले. मी त्यांना कापून बाहेर काढलं. खांद्यावर कोणाचा तरी हात आलेला होता, तो पुसला. टोपी नीट केली. निळ्या रंगावर त्यांना एकट्याला मधोमध ठेवलं. चेहरा गोरा केला नाही.

मग मी खुर्ची भाऊंकडे वळवली.

“हा फ्लेक्स माझ्याकडून. एक पैसा नको. यात फक्त ते राहतील.”

भाऊ स्क्रीनकडे बघत राहिले. “आन खाली आमचं?”

“तुमचा फोटो, साहेब लोक, मित्रमंडळ, हे नवं काम झालं. मागची बाकी भरल्याशिवाय मी नवं काम घेत नाही. नोटिशीत लिहिलं होतं.”

“ताई, असल्या टायमाला पैशाचं काढता?”

“मी कुठे काढतेय? मी तर फुकट देतेय.”

कार्यकर्ते एकमेकांकडे बघायला लागले. भाऊंनी पुन्हा स्क्रीन पाहिली. निळ्या रंगात त्यांचे वडील शांतपणे उभे होते, आणि आजूबाजूला कोणी नव्हतं. मी आयुष्यात छापलेला तो सगळ्यात चांगला फ्लेक्स झाला असता.

“लई मोकळं मोकळं दिसतंय,” भाऊ म्हणाले. बाप गेल्याचं दुःख चेहऱ्यावर नीट बसवलेलं होतं, ते जागचं हललं नव्हतं. आत्ता मात्र त्यांचा चेहरा खरोखर पडला. लोक काय म्हणतील, दहाव्याला साहेब येणार, आणि फ्लेक्सवर आपण नाही.

ते बाहेर गेले, दारात घुटमळले, आत आले आणि काउंटरवरचा कोड स्कॅन केला. माझ्या छोट्या स्पीकरने मोठ्या आवाजात सगळी रक्कम वाचून दाखवली. मागची बाकी, आणि आजचं बिलसुद्धा. एका मिनिटात. म्हणजे पैसे होते. बाप रुमालात नोटा बांधून आला, तेव्हाही असतील.

मी पावती फाडून दिली. मशीन वाचलं होतं, दुकान वाचलं होतं. ना शिवी दिली होती, ना कोणाच्या आईला फोन केला होता. मैत्रीण खूश होणार होती. भाऊंनी स्टूल ओढलं आणि ते माझ्या खुर्चीला चिकटून बसले, पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकासारखे ऐसपैस.

“आता वडलांचा फोटो जरा बारीक करा. माझे जोडलेले हात बसंनात.”

ते आता गिऱ्हाईक होते आणि काम मी घेतलं होतं. मी माऊसने त्या माणसाच्या फोटोचा कोपरा धरला आणि आत ओढला.

“आनखी थोडा,” भाऊ म्हणाले.

मी आणखी थोडा ओढला.