वाळूच्या ढिगावरची नदी

काकूनं झाडांना पाणी घालून नळी वाळूच्या ढिगावर तशीच टाकली आणि बघता बघता तिथे बोटभर रुंदीची नदी तयार झाली. वळणाच्या बाहेरच्या अंगाला वाळू ढासळत होती, आतल्या अंगाला साचत होती. वळण हळूहळू बाहेर सरकत होतं.

हेच मी लॅबमध्ये कॉम्प्युटरवर रोज बघते. चहा संपेपर्यंत तिथे हजारो वर्षं सरतात. डोंगर झिजतात, नद्या जागा बदलतात आणि मला काहीच वाटत नाही, कारण माझ्या मॉडेलमध्ये कुणाचं घर नसतं.

इथे अंगणापलीकडे खरी नदी वळते. त्या वळणाच्या बाहेरच्या काठावर काकांनी चुन्याची फक्की मारून नव्या घराची आखणी केली आहे. खिडकीतून पाणी दिसावं म्हणून. उद्या पाया खणायला माणसं येणार.

"काय गं, तुझा कॉम्प्युटर काय म्हणतो आमच्या नदीबद्दल?" सकाळी काकांनी हसत विचारलं.

"छान आहे," मी म्हणाले. मोठ्यांसमोर माझं मराठी तेवढ्यावरच संपतं. तेव्हापासून जिवाला चैन नाही. काठ कधी जाईल ते मला सांगता येणार नाही. कुठल्या बाजूचा जाईल ते मात्र ठाऊक आहे.

"अगं, चहा गार होतोय!" काकू आतून ओरडली.

मी त्या छोट्या नदीच्या बाहेरच्या काठावर काडेपेटी उभी केली.

"काका, जरा इकडे या ना."

"हे तुमचं संशोधन होय?" म्हणत काका शेजारी उकिडवे बसले.

मी नळी बंद केली नाही.