तिसऱ्या घंटेला बाहेर

फुकट या शब्दाची मला चीड आहे. आमच्या शाळेत फुकट काय काय आलं ते सांगते: झाकण न बसणारे डबे, एकाच पायाचे दोन बूट, आणि वाटणाऱ्यांना काढायचे असलेले फोटो. त्यामुळे मुंबईच्या एका संस्थेचं पत्र आलं, की शाळेची मुलं आणि शिक्षक यांना आम्ही मोफत नाटक दाखवायला नेऊ, बस आमची, खाऊ आमचा, तेव्हा मी नाक मुरडायला हवं होतं. नाही मुरडलं. पत्रात नाटक हा शब्द होता आणि तिथेच मी फसले.

मी डहाणूकडच्या चिखल्याची. आमच्या आळीत गणपतीत नाटक बसायचं आणि लग्नाआधी सात वर्षं मी त्यात काम केलं. मोठी नटी वगैरे काही नव्हते हो, एकदा तर ऐन रडायच्या प्रसंगात मला शिंका आल्या. पण पडद्यामागे उभं असताना पहिली घंटा व्हायची, दुसरी व्हायची, आणि तिसरीला पदर खोचून मी विंगेच्या कडेला यायचे, ते अजून विसरले नाही. तिसरी झाली की संपलं, आता मागे फिरणं नाही. पुढे मास्तरीण झाले, झरीच्या अलीकडच्या एका पाड्यावरच्या शाळेत रोज स्कूटीने जायला लागले, आणि नाटक राहून गेलं. माझ्या मुलांनी रंगमंच पाहिला नव्हता. मला तो त्यांना दाखवायचाच होता. त्यात त्यांच्यापेक्षा माझी हौस जास्त होती, हे आज कबूल करते.

साल नुकतंच २०१९ लागलं होतं. आणि आमच्याकडे भुई हलत होती.

दिवाळीपासून ते सुरू झालं होतं. आधी आवाज यायचा, खाणीत सुरुंग लावल्यासारखा, जमिनीच्या पोटातून. मग मांडणीवरची भांडी वाजायची. कधी आठवडाभर काही नाही, कधी दिवसातून चारदा. तलासरीत, डहाणूत, सगळीकडे लोक अंगणात झोपायला लागले. तपासायला माणसं आली, यंत्रं लावून गेली, आणि घाबरू नका म्हणाली. सांगायला काय जातं! पाड्यावरच्या म्हाताऱ्या म्हणायच्या, धरतरी कूस बदलते आहे. ती कुशीवरून उठेल का, एवढंच कोणी बोलत नव्हतं.

शाळेला तंबू मिळाला. तरी पोषण आहाराला, परीक्षेला, ऊन चढलं की मुलं वर्गात यायचीच. म्हणून मी नियम केला. आवाज आला की शिपाईमामा पितळी घंटेवर तीन टोले देणार. पहिल्याला उठायचं. दुसऱ्याला हातातलं सगळं सोडायचं. तिसऱ्याला बाहेर. "आणि तिसरी झाल्यावर कोणी थांबवलं तरी थांबायचं नाही," मी बजावलं. "मोठ्या गुरुजींनी थांबवलं तरी नाही. मी थांबवलं तरी नाही. कळलं?" रोज दोनदा सराव. पंधरा दिवसांत मुलं इतकी तयार झाली, की घंटा संपायच्या आत वर्ग रिकामा व्हायचा.

सगळ्यात पुढे सातवीतली एक मुलगी असायची. दिवाळीत तिच्या घराची एक भिंत खचली होती, तेव्हापासून ती छपराखाली बसायला तयार नसे. वर्गात दारापाशीच बसायची, एक पाय उंबऱ्याबाहेर. मी आधी रागावले, मग तिलाच पुढारीण केलं. ती पळाली की पहिली-दुसरीची बारकी तिच्यामागे पळायची. जिथे तिथे हीच पहिली. मला तिचं कौतुक होतं.

सहलीला तिची आई तिला पाठवेना. मी तिच्या घरी गेले. आमच्याकडे आईबाप बाईंनाही 'तू'च म्हणतात, त्यात अपमान नसतो. आई म्हणाली, "बाई, तिथं छप्पर कसलां?"

"सिमेंटचं. पक्कं आहे," मी म्हटलं.

"पक्क्याचीच तं भीती. कुडाचा अंगावर पडला तं झटकून उठता येतं."

अडले की मी जास्त बोलते. मी म्हटलं, मी आहे ना, माझ्यावर सोपव. तिने चुलीत एक लाकूड सारलं. मग म्हणाली, "तुझ्या भरवशावर देते. तिला पळता येतं, तेवढा तिला करू दे."

संस्थेने शिक्षकांसाठी सूचनांचा कागद पाठवला होता. मी तो वाचलासुद्धा नाही. नाटक कसं बघतात हे मला कोण शिकवणार? चहापेक्षा किटली गरम, तसं झालं होतं माझं.

सभागृह डहाणूत होतं. दुपारची वेळ. चार शाळा आल्या होत्या, आमची बेचाळीस मुलं मधल्या रांगांत. खिडक्यांना काळे पडदे, तरी दारातून ऊन आत यायचं. रंगमंचावर अंधार हवा म्हणून तिथल्या एका माणसाने दारांना बाहेरून कडी लावली. कडीचा आवाज मी ऐकला. माझ्या मनात आलं ते एवढंच, की वा, आता खरं थिएटर वाटतंय. माझी पुढारीण मात्र मान वळवून दाराकडे बघत होती. मी तिला बोटाने खूण केली, पुढे बघ.

संस्थेतल्या एका मुलीने हौसेने खरी पितळी घंटा आणली होती. विजेची नको, मुलांना अस्सल अनुभव हवा.

पहिली घंटा झाली. आमची बेचाळीस मुलं उठून उभी राहिली. बाकीच्या शाळा हसल्या, मीही हसले. म्हटलं, उतावळी झालीत. "बसा रे," म्हणाले आणि शेजारच्या बाईंना माझ्या शिंकांची गोष्ट सांगायला लागले.

दुसरी घंटा झाली. खाऊच्या पुड्या जमिनीवर पडल्याचा आवाज आला. एकदम, सगळ्यांच्या हातून. मी शिंकांची गोष्ट अर्ध्यावर सोडली. मला कळलं. पण तेवढ्यात नाटकासाठी दिवे मालवले.

तिसरी.

अंधारात बेचाळीस मुलं दाराकडे धावली. मी ओरडले, "थांबा! बसा खाली!" कोणी थांबलं नाही. थांबायचं नाही हे मीच शिकवलं होतं, मी सांगितलं तरी नाही. पुढची मुलं बंद दारावर आपटली, मागची त्यांच्यावर. दुसऱ्या कुठल्या शाळेतून कोणीतरी "भूकंप!" म्हणून किंचाळलं आणि मग सगळं सभागृहच उठलं. खुर्च्या वाजत होत्या, बारकी रडत होती, आणि त्या सगळ्यात माझ्या पुढारणीचा आवाज मला ऐकू येत होता. ती दार ठोकत नव्हती. आवाजावरून कळत होतं, मुलांना ओढून भिंतीकडे घेत होती, "लहान्यांना आधी, लहान्यांना आधी," म्हणत होती. देवा! त्या क्षणी मला वाटलं, इथे एखादं पोर चिरडणार आणि ते माझ्यामुळे.

कडी निघाली. ऊन आत आलं. दोघांचे गुडघे फुटले होते, एकीचा ओठ कापला होता. बस, एवढंच. मी तिथेच देवाचे आभार मानून मुलांना मैदानात बसवायला हवं होतं, पाणी द्यायला हवं होतं. पण माझ्यामागून कोणीतरी शिक्षक बोलला, "झरीकडची ना? तरी म्हटलं. यांना नाटक कशाला दाखवता?" आणि दोघंतिघं हसले.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याला बोलायला हवं होतं, त्याला चार शब्द सुनवायला माझी जीभ काही आखूड नव्हती. पण वड्याचं तेल वांग्यावर निघालं. मी त्या मुलीचा दंड धरला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "कोणाला विचारून उठलीस?"

"बाई, तिसरी झाली," ती म्हणाली.

मी तिच्या पाठीत धपाटा घातला.

"तुझ्यामुळे सगळी उठली! लाज आणलीस! आता परत घंटा होईल. जागेवरून हललीस तर याद राख." संस्थेतली मुलगी मध्ये पडली, जाऊ द्या बाई, होतं असं. मी ऐकलं नाही. मला शिस्त दाखवायची होती, त्या हसणाऱ्यांना.

पुन्हा तीन घंटा झाल्या. आमचं एकही पोर हललं नाही. ती मुलगी दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसली होती, सोडली तर उडून जाईल अशी. नाटक छान होतं. एक खेकडा आणि त्याची सात बिऱ्हाडं असं काहीतरी. मुलं हळूहळू हसायला लागली. ती शेवटपर्यंत हसली नाही, आणि मी, खरं सांगू, मनात खूश होते की सगळी कशी गप्प बसली आहेत.

परत येताना बसमध्ये पहिलीतल्या एकाने विचारलं, "बाई, आता तिसरीला पळायचा का बसायचा?"

"अक्कल आहे ना?" मी म्हणाले. "शाळेत पळायचं. तिथे बसायचं. सोपं आहे." तो हो म्हणाला. माझ्यापुढे कोण नाही म्हणणार? सरावही नंतर आठवड्यावर आला, मग राहिलाच. भुई जरा शांत होती. शांत असली की माणसाला वाटतं, संपलं.

मार्च तापला तशी तंबूत मुलं भाजून निघायला लागली, म्हणून सकाळचे दोन तास वर्गात घ्यायचं ठरलं. त्या दिवशी लहानमोठी सगळी एकाच वर्गात होती आणि मी फळ्यावर अपूर्णांक मांडत होते. आवाज आला. आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा, आणि जवळचा. लगेच शिपाईमामांची घंटा. टण. टण. टण.

कोणी उठलं नाही.

सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. आणि ती माझ्याकडे. तिच्या बाकावरून, दोन्ही हातांनी फळी धरून, माझ्या तोंडाकडे बघत होती. एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून बसणारी ती पोर केव्हापासून बाकावर नीट पाय आत घेऊन बसायला लागली होती, ते मी पाहिलंच नव्हतं. मला वाटलं होतं, भीती गेली.

माझ्या तोंडून शब्द फुटायला दोन श्वास तरी गेले असतील. "पळा!" मी ओरडले. तेव्हा मुलं उठली. ती दाराशी उभी राहून बारक्यांना बाहेर ढकलत राहिली, एकेकाला, आणि शेवटच्याला काढेपर्यंत स्लॅबचा एक पोपडा सुटून तिच्या खांद्यावर आला. दोन श्वास आधी उठली असती तर ती तेव्हा मैदानात असती. बाकी कोणाला ओरखडाही नाही.

तलासरीच्या दवाखान्यात तिचा खांदा बांधला. हाड मोडलं होतं, जीव वाचला होता. आई कामावरून तशीच आली, पदराला गवताची कुसळं. आधी तिने पोरीचं डोकं, हात, पाय सगळं चाचपून पाहिलं. मग माझ्याकडे वळली. रागाने नाही. तिला खरंच कळत नव्हतं.

"बाई, ही तं घरात सगळ्यांच्या आधी पळते. पानाचा आवाज झाला तरी पळते. शाळेत कशी राहिली?"

मी तोंड उघडलं. सांगणार होते, असं मी स्वतःला आजही सांगते. पण त्याआधी ती पोर बोलली.

"मना घंटा ऐकू नाय आली."

"एवढी मोठी घंटा?"

"नाय आली," ती म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

आईने कपाळाला हात लावला. म्हणाली, पोरीचे कान गेले की काय, आवाजानं गेले असतील. मग माझ्या हाताला धरून अगदी अजिजीने म्हणाली, "बाई, डॉक्टर तुझं ऐकेल. त्याला सांग ना तिचे कान बघाला."

मी डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी बॅटरी लावून आधी उजवा कान पाहिला, मग डावा. डाव्यासाठी तिला मान वळवता येईना, म्हणून मीच तिची हनुवटी धरली. कान ठणठणीत आहेत, ते म्हणाले. आईने त्यांना हात जोडले, मग मलाही जोडले. मी तो नमस्कार घेतला.